बदलीवर आलेल्या थीसनबाई

एल्म रिजच्या शाळेत अकरा शिक्षक, एकशे साठ मुलं आणि एक मुख्याध्यापिका. यातल्या कुणीही आजारी पडलेलं चालायचं, फक्त मुख्याध्यापिकेनं पडलेलं चालायचं नाही. तशी बंदी कुणी घातली नव्हती. व्हर्ना थीसनबाईंनी ती स्वतःच स्वतःवर घालून घेतली होती, आणि नियम पाळण्यात त्यांचा हात धरणारं कॅनडातल्या अख्ख्या मॅनिटोबा प्रांतात कुणी नव्हतं.

बाकीच्यांची काळजी मात्र त्या जातीनं घ्यायच्या. सकाळी सहावीला गणित शिकवायचं, दुपारी शाळा चालवायची आणि मधल्या सुट्टीत उणे अठ्ठावीस अंशांच्या थंडीत मैदानावर पहारा द्यायचा, कशासाठी, तर शिक्षकांना आत बसून गरम कॉफी पिता यावी म्हणून. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सूर्यास्ताचं एक मोठं चित्र लावलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'आधी स्वतःची काळजी घ्या'. पाचनंतर कुणी शाळेचे मेल बघायचे नाहीत असाही नियम त्यांनी केला होता. तो नियम सगळ्यांना कळवणारा मेल त्यांनी रात्री पावणेअकरा वाजता पाठवला होता, ही गोष्ट वेगळी.

शाळामंडळात गुंडरसन नावाचे एक साहेब होते. दर सोमवारी ते सगळ्या शाळांना एक तक्ता पाठवायचे: आपल्या कर्मचाऱ्यांचं मनःस्वास्थ्य एक ते दहामध्ये किती? थीसनबाई डोळे मिटून सगळ्यांपुढे आठ लिहायच्या. स्वतःच्या नावापुढेही आठ. फेब्रुवारीतल्या शेवटच्या सोमवारी असाच तक्ता भरून त्या कागद आणायला सामानाच्या खोलीत गेल्या, आणि वीस मिनिटांनी शाळेची सेक्रेटरी जॅकी ड्युशार्म शोधत आली तेव्हा त्या कागदांच्या खोक्यावर भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. भिंत फिरतेय म्हणाल्या.

दवाखान्यातल्या नर्सनं रक्तदाब मोजला, परत मोजला आणि विचारलं, "शेवटची सुट्टी कधी घेतली होतीत?"

"नाताळात."

"शाळेला असते ती नाही. तुम्ही घेतलेली."

थीसनबाईंना आठवेना. एक दिवस तरी गप घरी झोपा, असं नर्सनं चांगलंच खडसावून सांगितलं. त्यांनी गुरुवार ठरवला. गुरुवार ठरवण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात पाकिटात होतं. तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं पत्र. पुढच्या वर्षी ज्याला मुख्याध्यापक राहायचं नाही त्यानं फेब्रुवारीतल्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी चारच्या आत मंडळाला तसं कळवायचं असतं. चार वाजून गेले की आणखी एक वर्ष. पत्र द्यायचं की नाही, एवढंच गुरुवारी घरी बसून ठरवायचं होतं. त्यांना शाळा सोडायची नव्हती. पण असं आणखी एक वर्ष काढणं आपल्याच्यानं होणार नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं. याची कुणाला कुणकुण नाही असं त्यांना वाटत होतं. शाळेत प्रिंटर एकच होता आणि तो जॅकीच्या कोपराशेजारी होता, हे त्या विसरल्या होत्या.

बुधवारी त्यांनी रजा नोंदवली आणि आपल्या जागी दिवसभरापुरत्या बदलीवर येणाऱ्या शिक्षकासाठी सूचना लिहायला घेतल्या. आजारी शिक्षकाची खरी शिक्षा तीच असते. रजेच्या एका दिवसासाठी दोन दिवसांचं लिखाण. म्हणून निम्मे शिक्षक ताप अंगावर काढतात. थीसनबाईंच्या सूचना एकोणीस पानांच्या झाल्या.

आता मंडळाकडे एक यंत्र आहे. कुणी रजा नोंदवली की ते भल्या पहाटे यादीतल्या एकेका बदली शिक्षकाला फोन लावतं, यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. जो होकार देईल तो त्या दिवसाचा. तीन हिवाळ्यांपूर्वी बदली शिक्षक मिळेनासे झाले, आणि यंत्राचे फोन पार आठ वाजेपर्यंत चालू राहायला लागले. तेव्हा थीसनबाईंनी गुपचूप स्वतःचाही नंबर त्या यादीत घातला. सगळ्यांत शेवटी. कुणीच मिळालं नाही तर आपण आहोतच.

गुरुवारी पहाटे पावणेसहाला फोन वाजला. त्यांचा नवरा मेल्विन गावाचा बर्फ काढायचं वाहन चालवायचा. तो चारलाच बाहेर पडला होता, त्यामुळे त्यांचा हात धरायला घरात कुणी नव्हतं. त्यांनी मिटल्या डोळ्यांनी फोन कानाला लावला.

"एल्म रिज शाळेत आज बदली शिक्षकाची गरज आहे," यंत्र म्हणालं. "रजेवर आहेत..." मग जरासं थांबून, रजा घेणाऱ्यानं स्वतःच्या आवाजात नोंदवून ठेवलेलं नाव वाजलं. एक बाई दमून, ओढून काढल्यासारखं काहीतरी नाव सांगत होती. "होकारासाठी एक दाबा. नकारासाठी दोन."

बिचारी, केवढी थकलीय, थीसनबाई झोपेत म्हणाल्या, आणि त्यांनी एक दाबला.

यंत्रानं आभार मानले. फोन खाली ठेवून त्यांनी कूस बदलली, जरा डोळा लागला, आणि मग त्या ताडकन उठून बसल्या. ते नाव त्यांचं होतं. आवाजही त्यांचाच होता.

सहानंतर होकार मागे घ्यायचा तर मंडळात फोन करून कारण सांगावं लागतं. घड्याळात सहा वाजून चार मिनिटं झाली होती. कारण काय सांगणार? थीसनबाई मुकाट्यानं उठल्या आणि लोकरी पायमोजे चढवायला लागल्या.

जॅकीनं दारातच अडवलं. सव्वीस वर्षं ती त्या खुर्चीत बसत होती, तीन मुख्याध्यापक तिनं येताना आणि जाताना पाहिले होते, थीसनबाई चौथ्या. तिच्यासमोर संगणकाच्या पडद्यावर दोन रकाने उघडे होते. रजेवर: व्हर्ना थीसन. बदली: व्हर्ना थीसन.

"मी आधी म्हटलं यंत्र बिघडलं," जॅकी म्हणाली. "मग म्हटलं, नाही, यंत्र ठीक आहे."

"झोपेत झालं गं. हसू नकोस."

"मी कुठे हसतेय?" जॅकी चष्मा काढून डोळे पुसत होती. "अगं, माणसं स्वतःशी बोलतात, स्वतःवर चिडतात. स्वतःच्या जागी बदलीवर आलेली मी पहिलीच बघतेय."

"बरं, झालं ना हसून? किल्ली दे. मेल साठले असतील."

जॅकीनं हसणं थांबवलं. तिनं खण उघडून पिवळ्या फितीचा बिल्ला काढला, त्यावर 'बदली शिक्षक' लिहिलेलं होतं, आणि तो थीसनबाईंच्या गळ्यात घातला. "बदलीला मुख्याध्यापकांच्या खोलीची किल्ली मिळत नाही. नियम आहे. सहा वर्षांपूर्वी तूच केलास."

"जॅकी, चावटपणा पुरे."

"वॉकीटॉकी पण दे इकडे. बदलीला वॉकीटॉकी नसतो. मेल बघायचे नाहीत, कशावर सह्या करायच्या नाहीत, पालकांशी बोलायचं नाही. जेवणाची सुट्टी पूर्ण पंचावन्न मिनिटं, ती तर करारातच आहे. तीन चाळीसला घरी." तिनं एकोणीस पानांची फाईल पुढे सरकवली. "या सूचना. मुख्याध्यापिकाबाईंनी लिहून ठेवल्यात. जरा कटकट्या आहेत त्या, सांभाळून घे."

थीसनबाईंनी वॉकीटॉकी काढून दिला. नियम त्यांचाच होता, आणि आपलाच नियम मोडायची त्यांना सवय नव्हती.

सहावीच्या वर्गाला ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पहिलीपासून बदली शिक्षकांना छळायचं शास्त्र ती मुलं शिकत आली होती. अशी संधी कोण सोडतो? एन्जेलिका सांतोसनं लगेच हात वर केला.

"बाई, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते. आमच्या थीसनबाई गुरुवारी गृहपाठ देत नाहीत."

"हो का? फाईलमध्ये तसं काही लिहिलेलं नाही."

"विसरल्या असतील. फार कामं असतात त्यांना. त्या शिकवत असल्या ना, तरी त्यांच्या कमरेवरचा वॉकीटॉकी बोलत असतो. मग त्या जातात. मग येतात. मग विचारतात, आपण कुठे होतो?"

वर्ग हसला. थीसनबाईही अर्धवट हसल्या. त्यांनी खडू घेतला आणि अपूर्णांकांची बेरीज काढली. कुणी हाक मारली नाही. तिसऱ्या बाकावरच्या ज्या मुलाला छेद सारखे करणं वर्षभर जमलं नव्हतं, त्याच्याशेजारी त्या सलग बारा मिनिटं बसल्या, आणि ते त्याला जमलं. त्यानं वर बघितलं तेव्हा थीसनबाईंना इतका आनंद झाला की त्यांना एकदम रडू येईल असं वाटलं. या कामासाठी तर त्या या धंद्यात आल्या होत्या. शेवटचं कधी केलं होतं?

साडेदहाला घंटा झाली. सवयीनं त्यांनी कोट चढवला आणि फाईल उघडली. स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मैदानावर पहारा. (पाळी ऑल्सनची आहे, पण त्याचा गुडघा.)' पुढे, 'बारा वाजता पुन्हा पहारा. (पाळी टालियाची, तिला खोकला.)' मग, 'बारा चाळीस: जमल्यास सफरचंद खावं. उभ्यानं खाल्लं तर दोन फोन करून होतात.'

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. बदलीवर आलेल्या परक्या माणसाला आपण हे सांगत होतो! असं कुणी आपल्या एखाद्या शिक्षिकेला लिहून दिलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला खोलीत बोलावून दार लावून घेतलं असतं.

"कोट काढ," जॅकी मागून म्हणाली. "बदली माणूस ज्याच्या जागी आलाय त्याचीच पाळी करतो. पाळीच्या तक्त्यावर थीसनबाईंचं नाव आहे का? नाही. कधीच नव्हतं."

"मग मैदानावर कोण जाणार? ऑल्सनचा गुडघा..."

जॅकीनं खिडकीकडे बोट केलं. बाहेर पाचवीचे ऑल्सनसर गोलच्या दोन खांबांमध्ये पाय फाकवून उभे होते, आणि चौथीच्या मुलांनी मारलेला चेंडू अडवायला त्यांनी बर्फात अंग झोकून दिलं. मुलांनी आरडाओरडा केला. सर ढुंगणावरचा बर्फ झटकत उठले.

आत आल्यावर थीसनबाईंनी त्यांना गाठलं. "तुमचा गुडघा?"

"गुडघ्याला काय झालं?"

"ऑपरेशन झालं होतं ना!"

"ते होऊन दोन वर्षं झाली की, बाई." ऑल्सनसर गोंधळले. "तुम्ही रोज बाहेर जायचात, आम्हाला वाटलं तुम्हाला थंडी आवडते."

दोन हिवाळे. थीसनबाईंनी मनात हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

बारा वाजता त्या शिक्षकांच्या खोलीत शिरल्या तसे सगळे सावरून बसले. कुणीतरी हळूच विचारलं, "कुणाचं काही चुकलं का?" त्यांनी गळ्यातला पिवळा बिल्ला दाखवला, आणि मग जो हशा पिकला तो पंधरा मिनिटं खाली बसला नाही. त्यांना खुर्ची मिळाली ती सूर्यास्ताच्या चित्राखालची. शेजारी पहिलीची शिक्षिका टालिया बॉयचुक बसली होती. पोरीचं हे दुसरंच वर्ष. आज तिच्या बदल्यात कुणीतरी मैदानावर गेलं होतं, कारण सकाळपासून ती भुंकल्यासारखी खोकत होती. तिनं आजीनं करून दिलेल्या पेरोग्यांचा, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा उघडून वर चमचाभर आंबट साय घातली आणि थीसनबाईंपुढे सरकवला.

"खा, बाई. गरम आहेत. बसून खायच्या असतात."

डबा घेताना थीसनबाईंचा हात तिच्या हाताला लागला. "टालिया, तुला ताप आहे."

"आहे थोडा."

"मग घरी का नाही राहिलीस? मी शंभरदा सांगितलंय..."

"सांगितलंय ना. चित्रपण लावलंय." टालियानं वर बघितलं आणि खोकली. "बाई, राग येणार नसेल तर बोलू?"

"बदलीला कसला राग येतोय? बोल."

"डिसेंबरात तुम्ही फणफणत्या तापात नाताळचा कार्यक्रम केलात. पडद्यामागे तुम्ही खुर्ची धरून उभ्या होतात, मी बघितलं. मग मला साधा खोकला झाल्यावर मी कोणत्या तोंडानं रजा मागू? तुम्ही तोंडानं सांगता घरी जा. पण तुमच्याकडे बघून कुणालाच जाववत नाही. आणि तुमच्या त्या सूचना! रजा घ्यायची तर एवढं लिहायला लागतं असं दिसल्यावर, त्यापेक्षा ताप परवडला."

थीसनबाईंच्या हातातली पेरोगी हातातच राहिली.

"आई म्हणते, सोड ही नोकरी," टालिया खाली बघत म्हणाली. "म्हणते, तुमच्या त्या बाई खूप चांगल्या आहेत गं, पण त्यांच्याकडे एकदा नीट बघ. तीस वर्षांनी तुला तसं व्हायचंय का?"

थीसनबाईंना वाईट वाटलं, आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा हे काही कळेना. सहा वर्षं आपण या लोकांवर छत्री धरून उभ्या आहोत अशी त्यांची समजूत होती. छत्रीचं पाणी नेमकं त्या लोकांच्याच अंगावर पडत होतं, हे एकानंही सांगितलं नव्हतं. सांगणार कधी? त्या खोलीत बसल्या होत्या कधी? त्यांनी पेरोगी खाल्ली. मग दुसरी खाल्ली. पंचावन्न मिनिटं होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

तीन वाजून वीस मिनिटांनी शेवटची बस गेली. बदली शिक्षकानं निघण्यापूर्वी मूळ शिक्षकाला चिठ्ठी लिहून ठेवायची पद्धत असते: दिवस कसा गेला, कुणी त्रास दिला. थीसनबाई जॅकीच्या टेबलाच्या कडेला बसून लिहायला लागल्या. जॅकी अजिबात बघत नव्हती, फक्त तिची खुर्ची हळूहळू जवळ सरकत होती.

'प्रिय थीसनबाई,' चिठ्ठीत लिहिलं होतं. 'तुमचा वर्ग गुणी आहे. एन्जेलिका खोटं बोलते, पण तुमच्याबद्दल बोलली ते खरं होतं. तुमच्या सूचना मी वाचल्या. इतकं काम मी कुणाला सांगणार नाही, तुम्ही मला कसं सांगितलंत? ऑल्सनचा गुडघा बरा आहे. टालियाला ताप आहे आणि तो तिनं तुमच्याकडून घेतलाय. जंतू नाहीत, सवय. मला आज जेवायला मिळालं. पुन्हा बोलावलंत तर येईन, पण या फाईलवर नाही. आपली, व्ही. थीसन.'

"ही मला लागेल," जॅकी म्हणाली. "चौकटीत लावते."

"हात लावशील तर!"

जॅकीनं मुख्याध्यापकांच्या खोलीची किल्ली काढली. मग बोटांत किल्ली फिरवत म्हणाली, "वरच्या खणातलं पाकीट आहे, त्याचं काय करायचं? उद्या चारपर्यंत मुदत आहे."

थीसनबाईंनी चमकून बघितलं. "तुला कसं..."

"प्रिंटर माझ्या शेजारी आहे, व्हर्ना. तीन आठवडे झाले, मला धड झोप नाही." जॅकीचा आवाज फाटला. सव्वीस वर्षांत तो असा फाटलेला कुणी ऐकला नव्हता. "तू गेलीस तर मी काही मरणार नाही. पाचवाही येईल, त्यालाही शिकवीन. पण जायचं तर धडधाकट जा. अशी खोक्यावरून उचलून नेण्यासारखी जाऊ नकोस."

थीसनबाईंनी किल्लीकडे पाहिलं. हात पुढे केला असता तर जॅकीनं ती दिली असती.

"मी बदली आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "असले निर्णय बदलीनं घ्यायचे नसतात. थीसनबाई आल्या की त्यांना विचार."

"आणि त्या कधी येणार?"

"सोमवारी. उद्याही त्या रजेवर आहेत."

जॅकीनं किल्ली खणात टाकली आणि खण बंद केला. मग थीसनबाईंनी शुक्रवारची रजा नोंदवली आणि सूचना लिहिल्या. एकोणीस पानं बाजूला ठेवली आणि नवीन कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. पाळ्या तक्त्याप्रमाणे. गणित, पान अठ्ठ्याऐंशी. अडलं तर ऑल्सनसरांना विचारा. शेवटी लिहिलं, 'बाकीचं मुलं सांगतील.' तो कागद त्यांनी सगळ्यांना दिसेल असा शिक्षकांच्या सूचनाफलकावर टोचला. चार वाजायला अठरा मिनिटं असताना त्या घरी निघाल्या. मेल्विनला सगळं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मग त्यांनाच पाठीवर थोपटावं लागलं.

शुक्रवारी पहाटे पावणेसहाला फोन वाजला.

"एल्म रिज शाळेत आज बदली शिक्षकाची गरज आहे. रजेवर आहेत..." आणि तोच थकलेला आवाज. या वेळी थीसनबाई पूर्ण जाग्या होत्या. त्यांनी तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. त्या बाईची त्यांना खरोखर दया आली. त्यांनी दोन दाबला.

यंत्रानं तेवढ्याच आदबीनं आभार मानले. आता आठ वाजेपर्यंत यंत्र फिरत राहणार, कुणी मिळालं नाही तर सहावी मोकाट सुटणार, छप्पर कोसळणार. असा विचार करता करता त्यांना झोप लागली. दहाला उठल्या, काहीतरी खाल्लं, कोचावर आडव्या झाल्या, पुन्हा झोपल्या.

जाग आली ती फोननं. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाकीट खणातच होतं. आणखी एक वर्ष. आपल्याला धक्का बसेल असं त्यांना वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. फक्त भूक लागली होती.

"छप्पर आहे जागेवर," फोनवर जॅकी म्हणाली. "तुझ्या गणिताला निवृत्त झालेल्या हिल्डब्रँडबाई आल्या. आणि ऐक, पहिलीला कोण आलं होतं माहितेय? गुंडरसनसाहेब! मंडळात दुसरं माणूसच उरलं नव्हतं. बावीस पोरांना बर्फात खेळायच्या जाड विजारी घालायच्या, चेन लावायच्या, आणि शेवटची चेन लागेपर्यंत पहिल्याला बाथरूम. टाय सोडून ठेवला होता बिचाऱ्यानं. मी विचारलं, साहेब, मनःस्वास्थ्य एक ते दहामध्ये किती?"

थीसनबाई कोचावर उठून बसल्या. "पण पहिलीला का? टालिया कुठे आहे?"

"घरी. आज सकाळी तिनं रजा टाकली. दोन वर्षांत पहिली."

नाक ओढून थीसनबाईंनी विचारलं, "सूचना किती पानं लिहिल्यात पोरीनं?"

"अर्धं पान," जॅकी म्हणाली. "खाली लिहिलंय, बाकीचं मुलं सांगतील."